पैसा जातो कुठे? घरपोच जेवणाच्या कंपन्यांचं इंदुरी गणित

सुदामा नगरमधल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्या आणि त्यांची सून मिळून घरून डबे देतात, शिवाय चतुर्थी-एकादशीला उपासाचे पदार्थ विकतात. त्यांचा प्रश्न असा: 'झोमॅटो-स्विगी शेअर बाजारात गेल्या, हजारो कोटींच्या झाल्या. तरी हॉटेलवाला म्हणतो मला उरत नाही, रायडर म्हणतो मला परवडत नाही आणि गिऱ्हाईक म्हणतं रोज नवी फी लागते. मग पैसा जातो कुठे? आणि आम्ही आमचं किचन अ‍ॅपवर टाकावं की नाही?'

मी इंदूरमध्ये अशाच एका कंपनीच्या ऑपरेशन्समध्ये बरीच वर्षं काढली, आता छोट्या किचनना हिशेब बसवून देतो. त्यामुळे दोन्हीकडच्या वह्या बघितलेल्या आहेत.

ताई, पैसा रस्त्यावर जातो. अ‍ॅप, जाहिराती, बेंगळुरू-गुरुग्राममधली इंजिनिअरांची फौज हे सगळं खर्चिक आहेच, पण तो खर्च लाखो ऑर्डरींवर वाटला जातो. रायडर मात्र दर ऑर्डरीला लागतोच, आणि त्याचा खर्च बिलाकडे बघून ठरत नाही. नव्वद रुपयांचे पोहे-जिलेबी असोत की नऊशेची बिर्याणी, पेट्रोल तेवढंच आणि वेळही तेवढाच. समजा, रायडरला टिकवून ठेवायला तासाला १२० रुपये द्यावे लागतात. त्या तासात एकच ऑर्डर झाली तर ती १२० ला पडली. दोन झाल्या तर ६०, तीन झाल्या तर ४०. कंपनीचा नफा-तोटा या एका भागाकारावर उभा आहे. सकाळच्या कॉलवर आम्ही जेवणाबद्दल क्वचितच बोलायचो. काल रात्री कुठल्या झोनमध्ये रायडरमागे तासाला किती डिलिव्हऱ्या निघाल्या, चर्चा तेवढीच.

आता हेच इंदूरच्या नकाशावर ठेवून बघा. विजय नगर, स्कीम ५४, स्कीम ७८ या पट्ट्यात किचन आणि गिऱ्हाईक दोन-तीन किलोमीटरच्या आत सापडतात. भंवरकुआँला कोचिंगच्या मुलांची होस्टेलं आहेत, बिलं लहान, पण एकाच गल्लीत चार-पाच ऑर्डरी. दोन ऑर्डरी एकाच रायडरला जोडून दिल्या की भागाकार लगेच सुधारतो. उलट राऊकडे किंवा बायपासच्या टाउनशिपमध्ये बिल चांगलं मोठं येतं, पण रायडर जेवण देऊन सात-आठ किलोमीटर रिकामा परत येतो. त्या रिकाम्या फेरीचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, हॉटेलवाला देत नाही. एक तर कंपनी देते, नाहीतर रायडरच्या खिशातून जातात. रायडरांची निम्मी भांडणं मी याच फेरीवरून ऐकली आहेत.

मोठ्या शहरातली गोष्ट छोट्या गावात तशीच का चालत नाही, तेही यात आलं. झोमॅटोने २०२३ च्या सुरुवातीला सुमारे २२५ लहान शहरांतली डिलिव्हरी बंद केली. त्या सगळ्या शहरांचा एकूण ऑर्डरींच्या रकमेतला वाटा ०.३ टक्के होता. तिथल्या लोकांना बाहेरचं खायला आवडत नव्हतं असं नाही. चौरस किलोमीटरमागे ऑर्डरी कमी होत्या, इतकंच.

या कंपन्या वाढल्या कशा, तेही थोडक्यात सांगतो, कारण आजच्या अडचणी त्यातूनच आल्या आहेत. झोमॅटो २००८ मध्ये 'फूडीबे' नावाने सुरू झाली तेव्हा ती कुणाच्या दारात काहीच पोचवत नव्हती. दिल्लीत बेन या सल्लागार कंपनीत नोकरी करणारे दीपिंदर गोयल आणि पंकज चड्ढा यांनी हॉटेलांची मेन्यू कार्डं स्कॅन करून वेबसाइटवर टाकली होती. २०१० मध्ये नाव बदललं, डिलिव्हरी आली ती थेट २०१५ मध्ये. त्याआधी फूडपांडासारख्या कंपन्या ऑर्डर घेऊन हॉटेलकडे पाठवायच्या आणि पोचवायचं हॉटेलच्या पोऱ्याने. तो पोऱ्या भांडी घासायला बसला असेल तर गिऱ्हाईक बसलं वाट बघत.

खरा फरक पडला तो २०१४ मध्ये. श्रीहर्ष मजेटी, नंदन रेड्डी आणि राहुल जैमिनी यांनी बेंगळुरूच्या कोरमंगलात स्विगी काढली आणि पहिल्यापासून स्वतःचे रायडर ठेवले. ऑर्डर कुठे आहे ते फोनवर दिसू लागलं. ज्या हॉटेलांनी आयुष्यात घरपोच दिलं नव्हतं तीही यादीत आली. खर्च वाढला, पण गिऱ्हाइकाचा विश्वास बसला. मग २०१६ मध्ये जिओने डेटा स्वस्त केला, यूपीआय आलं, आणि पुढची दोन-तीन वर्षं सवलतींचं युद्ध पेटलं. उबर ईट्स २०१७ मध्ये भारतात आली, त्याच वर्षाच्या शेवटी ओलाने फूडपांडाचा इथला व्यवसाय घेतला. शंभराचं जेवण पन्नासला मिळायचं आणि उरलेले पन्नास गुंतवणूकदार भरायचे. इंदूरकर चवीने खाणारा, तसाच भाव पक्का ठाऊक असलेलाही. रोज ज्या अ‍ॅपवर कूपन, त्या अ‍ॅपवर ऑर्डर. अशा गिऱ्हाइकाला निष्ठा शिकवायला कुणाचेच पैसे पुरत नाहीत.

या युद्धाचा इंदुरी किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. छप्पन दुकान या इथल्या खाऊगल्लीतल्या जॉनी हॉट डॉगचा पदार्थ २०१९ मध्ये उबर ईट्सच्या सगळ्या आशिया-पॅसिफिक विभागात सर्वाधिक मागवला गेलेला म्हणून गौरवला गेला. एका छोट्या दुकानाचा माल सिडनी-टोकियोच्या यादीत वर! आणि जानेवारी २०२० मध्ये उबर ईट्सचा भारतातला धंदाच झोमॅटोला गेला, बदल्यात झोमॅटोतला सुमारे दहा टक्के हिस्सा. दुकान आजही तुडुंब चालतं. ते अ‍ॅपमुळे मोठं झालेलं नव्हतं, म्हणून अ‍ॅप गेल्याने त्याचं बिघडलंही नाही. ताई, तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागासाठी हे ध्यानात ठेवा.

मग कोविड आला, आधी ऑर्डरी कोसळल्या, नंतर कधीही न मागवणारी घरंही मागवू लागली. जुलै २०२१ मध्ये झोमॅटोचा ९,३७५ कोटींचा आयपीओ आला, नोव्हेंबर २०२४ मध्ये स्विगीचा ११,३२७ कोटींचा. मैदानात मोठ्या अशा दोनच राहिल्या. अ‍ॅमेझॉननेही बेंगळुरूत हात घालून पाहिला आणि २०२२ च्या शेवटी तो काढून घेतला.

शेअर बाजारात गेल्यावर प्रश्न बदलतो. आता गुंतवणूकदार वाढ विचारत नाही, नफा विचारतो. झोमॅटोने पहिला तिमाही नफा दाखवला तो एप्रिल-जून २०२३ मध्ये, फक्त दोन कोटींचा. लगोलग ऑगस्टमध्ये प्लॅटफॉर्म फी आली, ऑर्डरमागे दोन रुपये. पुढे ती टप्प्याटप्प्याने दहाच्या घरात आणि वर गेली. स्विगीचंही तेच. दोन रुपयांत काय होतं, असं वाटतं. पण या फीमागे कुठलाही खर्च नाही, आलेला रुपया जवळजवळ पूर्ण खाली उतरतो. रायडरचा तास सुधारणं कष्टाचं आहे, फी वाढवायला एक बटण पुरतं.

आता हॉटेलवाल्याची वही. समजा, पलासियातल्या एखाद्या हॉटेलात ४०० रुपयांची ऑर्डर आली. ६० रुपयांची सवलत हॉटेलच्या वाट्याची, राहिले ३४०. कमिशन करारानुसार वेगवेगळं असतं, १५ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान. आपण २२ धरू, म्हणजे ७५ रुपये. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, साडेतेरा. ऑनलाइन पैसे वळते करणाऱ्या पेमेंट गेटवेचे सहा. डबा, पिशवी, टिश्यू, चमचा मिळून १८. हातात आले सव्वादोनशेच्या आसपास. कच्चा माल मूळ भावाच्या ३५ टक्के धरला तर १४० गेले. उरलेल्या पंचाऐंशीतून गॅस, वीज, भाडं, आचाऱ्याचा पगार. यादीत वर दिसायला जाहिरात घेतली तर आणखी वीसेक रुपये उडाले. त्यात ५ टक्के जीएसटीवाल्या हॉटेलला कमिशनवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही, तेव्हा ते साडेतेरा गेले ते गेलेच. गिऱ्हाइकाकडून घेतलेला ५ टक्के कर मात्र १ जानेवारी २०२२ पासून कंपनीच सरकारला भरते. ही एक कटकट हॉटेलची कमी झाली.

याच ऑर्डरीवर कंपनीला काय मिळतं? हॉटेलकडून ७५, गिऱ्हाइकाकडून डिलिव्हरी आणि प्लॅटफॉर्म फीचे समजा ३५. एकशे दहातून पन्नास-साठ रायडरला. बाकीच्यात नकाशे, मेसेज, कस्टमर केअर, सांडलेल्या वरणाचा परतावा, कंपनीच्या वाट्याची सवलत. ऑर्डरमागे दहा-पंधरा रुपये टिकले तर झोन बरा चालला म्हणायचं. बिल ४०० ऐवजी १५० असेल तर कमिशन ३३ वर येतं आणि रायडर तेवढ्याच पैशांत पडतो. म्हणून लहान ऑर्डरीवर जादा फी लागते, म्हणूनच 'आणखी ६० रुपयांचं घ्या' असा मेसेज येतो. हॉटेलवाला, रायडर, गिऱ्हाईक, तिघंही खोटं बोलत नाहीत. पाय पसरायला अंथरूणच लहान आहे.

भागाकार सुधारायचा तर तासातली मिनिटं वाचवायला हवीत, आणि सगळ्यात जास्त मिनिटं वाया जातात ती हॉटेलच्या दारात. बाहेरच्यांना हे दिसत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं रायडर हळू चालवतो. प्रत्यक्षात विजय नगरात दोन-तीन किलोमीटरचं अंतर दहा मिनिटांत कापलं जातं, पण रायडर काउंटरपाशी पंधरा मिनिटं उभा असतो. रात्री साडेआठला हॉल भरलेला, समोर बसलेल्या कुटुंबाला आधी वाढायचं, अ‍ॅपची ऑर्डर मागे सरकते. अ‍ॅपवर 'फूड रेडी' बटण असतं. काही ठिकाणी ते भाजी कढईत पडण्याआधीच दाबलं जातं, कारण उशीर झाल्याचा शिक्का नको. मग अ‍ॅपला वाटतं या हॉटेलला बारा मिनिटं पुरतात आणि ते रायडरला लवकर पाठवतं. तो आणखी जास्त वेळ उभा राहतो. 'भिया, बस पाच मिनिट' हे वाक्य इंदूरच्या डिलिव्हरीत पेट्रोलपेक्षा महाग पडलं आहे.

सराफ्याची तऱ्हा आणखी वेगळी. सोन्या-चांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचं कीस, गराडू म्हणजे तळलेला कंद, खिचडी, जिलेबा सुरू होतो. गर्दीत मोटारसायकल आत शिरत नाही, ठेल्यावर प्रिंटर नाही, ऑर्डर आली तरी बघायला हात मोकळा नाही. शिवाय अ‍ॅपवर यायचं तर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना किंवा नोंदणी लागते. २०१८ मध्ये एफएसएसएआयने बडगा उगारल्यावर कंपन्यांना विनापरवाना हॉटेलं मोठ्या संख्येने काढावी लागली होती. आणि खरं सांगायचं तर गराडू डब्यात बंद करून नेण्याची गोष्टच नाही. तळून, जीरावन मसाला भुरभुरून, उभ्याने खाल्ला तरच तो गराडू. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, आणि अनंत चतुर्दशीच्या झाक्यांना, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीला, राजवाड्याभोवतीचा सगळा भाग बंद करावा लागतो. मुंबई-बेंगळुरूत बसलेल्या मॅनेजरला हे दरवर्षी नव्याने समजवावं लागायचं. त्याच्या स्क्रीनवर तर गेरच्या दिवशी मागणी छान वाढलेली दिसत असते.

रात्रीचा धंदा सरकारी निर्णयावरही हलतो. २०२२ मध्ये बीआरटीएस या खास बसमार्गाच्या पट्ट्यात बाजार रात्रभर उघडा ठेवायची मुभा मिळाली, जुलै २०२४ मध्ये ती काढून घेतली गेली. रात्री अकरा ते तीनची शिफ्ट धरून ज्यांनी किचन काढली होती, त्यांचं गणित एका आदेशाने पालटलं.

रायडरांबद्दल हात राखून बोलणार नाही. कंपनी त्यांना 'पार्टनर' म्हणते, पण भाव ठरवताना पार्टनरला विचारत नाही. रेट कार्ड बदललं की सकाळी अ‍ॅपमध्येच कळतं. इन्सेंटिव्हचा टप्पा असा ठेवलेला असतो की शेवटच्या दोन ऑर्डरींसाठी माणूस आणखी तासभर रस्त्यावर राहतो. इंदूरमध्ये पेट्रोल शंभरच्या वर, गाडी त्याची, मोबाईल त्याचा, पाऊस त्याचा. अपघात विमा असतो, पण दावा मंजूर होईपर्यंतची धावपळ घरच्यांची. भागाकारातली मिनिटं तंत्राने वाचेनाशी झाली की ती माणसाच्या अंगावरून वाचवली जातात, हे मी आतून पाहिलं आहे. सामाजिक सुरक्षा संहितेत २०२० मध्येच गिग कामगाराची, म्हणजे रायडरसारख्या सुट्या कामावरच्या माणसाची, व्याख्या आली, प्रत्यक्ष लागू व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं. तीत कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम, कामगारांना दिलेल्या पैशांच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत, कल्याण निधीत भरायची तरतूद आहे. हा खर्च शेवटी कुणाच्या बिलात दिसेल, ते वेगळं सांगायला नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून डिलिव्हरी शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागला, तेव्हा तो कुणी भरला ते आठवा.

हॉटेलवाल्यांचं दुखणं फक्त कमिशनचं नाही, गिऱ्हाईक कुणाचं, हे आहे. ऑर्डर येते, पण नंबर बहुतेक वेळा झाकलेला. पाच वर्षं तुमची भाजी खाणारं कुटुंब तुम्हाला माहीत नसतं, कंपनीला मात्र त्यांच्या मुलाला किती तिखट चालतं तेही माहीत. हॉटेलांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली आणि एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने दोन्ही कंपन्यांच्या चौकशीचा आदेश दिला. यादीतला क्रम कसा ठरतो, कुठल्या किचनला झुकतं माप मिळतं, दुसरीकडे स्वस्त विकू नका अशा अटी घालतात का, हे त्यातले मुद्दे. माझ्या मते आरोपांना दम आहे. पण ज्या हॉटेलांनी स्वतःचा फोन उचलणं बंद केलं, त्यांनीही गिऱ्हाईक हाताने दिलं.

कंपन्यांना स्वतःलाही या धंद्याची मर्यादा कळलेली आहे. म्हणून पैसा किराण्याकडे वळला. झोमॅटोने २०२२ मध्ये ब्लिंकिट घेतली, आणि एप्रिल-जून २०२५ च्या तिमाहीत ब्लिंकिटच्या ऑर्डरींची रक्कम जेवणाच्या पुढे गेली. मूळ कंपनीचं नावही आता इटर्नल आहे. कारण पुन्हा तोच तास. डार्क स्टोअरमध्ये, म्हणजे फक्त अ‍ॅपच्या ऑर्डरींसाठी ठेवलेल्या गोदामात, बिस्किटाचा पुडा शिजायला वेळ लागत नाही, रायडर दारात ताटकळत नाही. दहा-पंधरा मिनिटांत जेवण देण्याचा झोमॅटोचा 'क्विक' प्रयोग मात्र २०२५ मध्ये काही महिन्यांतच गुंडाळला गेला. दाणे भाजायला लागतात तेवढी मिनिटं लागतातच.

आता तुमचं किचन. डबे अ‍ॅपवर टाकू नका. महिन्याची बांधलेली गिऱ्हाइकं आहेत, वेळ ठरलेली, अंतर ठरलेलं. त्यांच्या पैशातून चौथा हिस्सा कुणाला द्यायचं कारण नाही. उपासाचे आणि खास पदार्थ टाका, पण भाव नीट लावून. चार साबुदाणा वड्यांची प्लेट घरी ८० ला देता. २५ टक्के कमिशन, त्यावरचा कर आणि गेटवे धरून साडेएकतीस टक्के जातात, वर दहाचं पॅकिंग. हातात ८० यायचे तर अ‍ॅपवर भाव १३० लागतो. १३० ला एकटी प्लेट कोण घेईल? त्यापेक्षा दोघांचं उपासाचं ताट करा, वडे, दाण्याची आमटी, वरीचा भात, बटाट्याची भाजी, साडेतीनशेच्या आसपास. टक्का तोच कापला जाईल, पण १३० च्या वस्तूवर ४० ची डिलिव्हरी डोळ्यांत खुपते, साडेतीनशेवर तितकी नाही.

वडे बंद डब्यात घालाल तर दहा मिनिटांत मऊ पडतील. झाकणाला भोकं हवीत आणि खाली कागद. आमटी काठोकाठ भरू नका, स्पीडब्रेकर तुमच्या गल्लीतच तीन आहेत. थालीपीठ पाठवू नका, पोचेपर्यंत चामडं होतं. पुरणपोळी आणि श्रीखंड निर्धास्त पाठवा. पदार्थ सहा-सातच्या वर नकोत. खरा तयारीचा वेळ टाका, आणि सून एकटी असेल त्या दुपारी अ‍ॅप सरळ बंद ठेवा. उघडं ठेवून ऑर्डर नाकारलीत की यादीत खाली जाल.

कंपनीचा माणूस करार घेऊन येईल तेव्हा त्याला तीन गोष्टी विचारा: कमिशन सवलतीआधीच्या रकमेवर की नंतरच्या, सवलतीत तुमचा वाटा किती आणि तो तुमच्या परवानगीशिवाय वाढू शकतो का, आणि रद्द झालेल्या ऑर्डरीचे पैसे कुणाचे. पहिले काही आठवडे जाहिरात घेऊ नका. आठवड्याचं पेआउट स्टेटमेंट सुनेला ओळ न ओळ वाचायला लावा, कपात तिथेच दिसते. आणि सुरुवात श्रावणात नको, ज्येष्ठात करा. म्हणजे उपासाची गर्दी येईपर्यंत रेटिंग जमलेलं असेल आणि वड्यांच्या डब्याला किती भोकं लागतात तेही कळलेलं असेल.